काउंटरवर ‘ट्रिमाल्किओ’ कोण मागणार?

१९ मार्च १९२५ रोजी इटलीतल्या काप्री बेटावरून न्यूयॉर्कला एक तार गेली. मजकूर दीड ओळीचा होता: ‘अंडर द रेड, व्हाइट अँड ब्लू’ या नावानं वेड लावलंय, उशीर किती होईल? तार करणारा एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड, वय २८, नावावर दोन गाजलेल्या कादंबऱ्या. ती ज्याच्या हातात पडली तो मॅक्सवेल पर्किन्स, स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेतला त्याचा संपादक. तिसरी कादंबरी दुकानांत यायची तारीख होती १० एप्रिल.

म्हणजे हातात बावीस दिवस. जाहिराती झालेल्या, दुकानदारांच्या मागण्या नोंदवून झालेल्या. पत्रिका वाटून झाल्यात, कार्यालयाला आगाऊ रक्कम दिलीय, आणि मुलीचे वडील विचारतायत, ‘नवरदेवाचं नाव जरा बदलता येईल का हो?’ तसला हा प्रकार.

नाव बदललं नाही. पुस्तक ‘द ग्रेट गॅट्सबी’ म्हणूनच आलं. पुढे ते इतकं मोठं झालं की या प्रकरणाचं एक ठरीव कीर्तन तयार झालंय: लेखकाला स्वतःच्या पुस्तकाचं नाव कळत नसतं, संपादक शहाणा होता म्हणून निभावलं. मी एका छोट्या प्रकाशनात संपादनाचं काम करतो, त्यामुळे हे कीर्तन ऐकायला मला बरं वाटतं. पण पत्रं आणि तारा तारखांप्रमाणे लावून वाचल्या की ते तितकंसं सरळ राहत नाही.

राखेपासून सुरुवात

नावांचा घोळ वर्षभर आधी सुरू झाला होता. १९२४च्या वसंतात कादंबरी अजून धड उभीही नव्हती, तेव्हा फिट्झजेराल्डनं नाव काढलं, ‘अमंग ॲश-हीप्स अँड मिलियनेअर्स’. राखेचे ढीग आणि लक्षाधीश. तो तेव्हा न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या ग्रेट नेक गावात राहत होता. तिथून शहरात जाताना क्वीन्समध्ये राखेची खरीखुरी मैदानं लागत. शहरभरच्या भट्ट्यांची राख तिथे आणून टाकत. एका टोकाला श्रीमंतांची घरं, दुसऱ्या टोकाला मॅनहॅटन, मध्ये हा करडा पट्टा. कादंबरीतही तो आहे आणि त्यावरच्या फलकावरचे ते प्रचंड चष्मेवाले डोळेही.

७ एप्रिल १९२४च्या पत्रात पर्किन्सनं लिहिलं की त्यामागची कल्पना आवडली, पण ‘राखेचे ढीग’ हे शब्द ती कल्पना नेमकी पकडत नाहीत. आणि जाता जाता म्हणाला, ‘द ग्रेट गॅट्सबी’ हे नाव मला नेहमीच सूचक आणि परिणामकारक वाटत आलंय; अर्थात पुस्तकाबद्दल मला अगदी अंधुकच माहिती आहे. म्हणजे जे नाव पुढे कायम झालं, ते पहिल्यापासून टेबलावर होतं. त्याच्याभोवती वर्षभर प्रदक्षिणा चालली.

मे महिन्यात फिट्झजेराल्ड कुटुंब फ्रान्सला गेलं. सेंट राफाएलला समुद्राकाठी त्यानं कादंबरी पुरी केली. २७ ऑक्टोबरच्या पत्रात तो पर्किन्सला कळवतो की ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही माझी तिसरी कादंबरी वेगळ्या टपालानं पाठवतोय. इथे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. अकरा दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, दुसरं पत्र: मी आता ठरवलंय, ‘ट्रिमाल्किओ इन वेस्ट एग’ हेच नाव ठेवायचं. (वेस्ट एग म्हणजे कादंबरीतलं गॅट्सबीचं गाव.) चालतील अशी दुसरी दोनच आहेत, नुसतं ‘ट्रिमाल्किओ’ किंवा ‘ऑन द रोड टू वेस्ट एग’. ‘गोल्ड-हॅटेड गॅट्सबी’ आणि ‘द हाय-बाउन्सिंग लव्हर’ ही आणखी दोन होती, पण ती फार हलकी वाटली.

‘आता ठरवलंय’ असं लेखक लिहितो तेव्हा संपादकानं खुर्चीत जरा सावरून बसावं, हे मी अनुभवावरून सांगतो.

हा ट्रिमाल्किओ कोण?

पेट्रोनिअस नावाच्या रोमन लेखकाची पहिल्या शतकातली ‘सॅटिरिकॉन’ नावाची एक रचना आहे. तिचे तुकडेच उरलेत. त्यातला सगळ्यात मोठा तुकडा म्हणजे ट्रिमाल्किओकडची मेजवानी. हा पूर्वीचा गुलाम. मोकळा झाला, व्यापारात अफाट पैसा केला आणि आता पाहुण्यांना बोलावून दिपवतोय. ताटात काय काय येतं, आणि यजमान स्वतःच्या श्रीमंतीबद्दल किती बोलतो, याला सुमार नाही. पाहुणे खातात आणि आतून हसतात.

गॅट्सबीशी नातं उघड आहे. तोही कुठून तरी वर आलेला. दर शनिवारी त्याच्या बंगल्यावर शेकडो माणसं येतात, त्याची दारू पितात आणि त्याच्याबद्दल कुजबुजतात. सातव्या प्रकरणाच्या सुरुवातीला एका शनिवारी बंगल्यातले दिवे लागत नाहीत, तेव्हा निवेदक म्हणतो की ट्रिमाल्किओ म्हणून असलेली त्याची कारकीर्द संपली. हे वाक्य छापील पुस्तकात आजही आहे. नाव गेलं, पण त्याचा खुंटा राहिला.

तर नाव अर्थानं चुकीचं नव्हतं. अडचण निराळीच होती. समजा, कुणी आजच्या मुंबईवर कादंबरी लिहिली आणि नाव दिलं ‘पवईतला शकार’. ‘मृच्छकटिक’ वाचलेला, निदान देवलांचं नाटक पाहिलेला माणूस गालात हसेल. राजाचा मेहुणा, तोंडानं बडबड्या, अंगावर सगळं उसनं तेज. बाकीचे म्हणतील, मुद्रणदोष आहे, ‘शिकार’ पाहिजे होतं.

कॉलेज संपल्यावर मी दोन वर्षं अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात काउंटरवर उभा होतो. जूनमध्ये पाठ्यपुस्तकांची झुंबड आणि एरवी दुपारी पंखा. तिथे एक गोष्ट हाडात भिनली. पुस्तक विकलं जातं ते आधी कुणाच्या तरी तोंडातून. माणूस काउंटरशी येतो, मागच्या माणसाचा कोपर पाठीला लागत असतो, आणि त्याला एका दमात नाव उच्चारायचं असतं. जमत नसेल तर तो आधी फळ्यांकडे बघतो, मग ‘ते हे… निळ्या कव्हरचं’ म्हणतो, आणि तेही धड सांगता आलं नाही की ‘असू दे, नंतर येतो’ म्हणून निघतो. तो परत येत नाही. एक आजी मात्र आठवतात. त्यांनी मागितलं होतं, ‘ते कुणी लक्षात घेत नाही, ते द्या.’ मी हात वर केला आणि हरिभाऊंची कादंबरी काढून दिली. नाव चुकलं होतं, पण पुस्तक चुकलं नाही.

‘ट्रिमाल्किओ’ला ही सोय नाही. चुकवायला तरी आधी तोंडात यावं लागतं. फिट्झजेराल्डला पुढे हेच सांगितलं गेलं: संदर्भ फार आडवळणाचा आहे, आणि लोकांना उच्चारता येणार नाही.

पर्किन्सचं पत्र

मला या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा कागद वाटतो तो १८ नोव्हेंबर १९२४चा. पर्किन्सनं हस्तलिखित वाचलंय आणि तो भारावलाय. कादंबरी म्हणजे अद्भुत चीज आहे, असं तो लिहितो. मग नावाकडे येतो. इथल्या बऱ्याच मंडळींना नाव आवडलेलं नाही. खरं तर माझ्याखेरीज कुणालाच नाही. त्यातल्या शब्दांची जी विचित्र विसंगती आहे, तीच मला पुस्तकाचा सूर वाटते. पण हरकत घेणारे माझ्यापेक्षा व्यवहारी आहेत. बदलाचा विचार होईल तितक्या लवकर कर.

यात लबाडी नाही. ‘मलाही आवडलं नाही’ असं म्हणून त्याला सुटता आलं असतं. आम्ही सर्रास तसं म्हणतो, लेखकाचा रोष विक्रीवाल्यांवर जाऊ नये म्हणून. पर्किन्सनं आपली आवड एका बाजूला ठेवली आणि व्यवहार दुसऱ्या बाजूला. दोन्ही लेखकासमोर मांडली आणि निर्णय त्याच्यावर सोडला. दुसऱ्या दिवशी नाही, तर दोन दिवसांनी, २० तारखेला, त्यानं कादंबरीवर सविस्तर पत्र लिहिलं. त्यात गॅट्सबी हा माणूस धूसर राहिलाय, ही मोठी सूचना होती. नावाची कुरकुर त्यानं या पत्रात मिसळली नाही. मजकुराचं बोलणं वेगळं, नावाचं वेगळं.

फिट्झजेराल्डची बायको झेल्डाही ‘द ग्रेट गॅट्सबी’च्या बाजूनं होती. डिसेंबरात तो तयार झाला.

तयार झाला, पण ‘ट्रिमाल्किओ’ मनातून उतरलं नाही. नंतरच्या एका पत्रात तो कबूल करतो की मन सांगतंय ‘ट्रिमाल्किओ’च ठेवायला हवं होतं, पण सगळ्यांचा सल्ला झुगारणं म्हणजे निव्वळ हट्ट झाला असता. नुसतं ‘गॅट्सबी’ म्हणावं तर ते ‘बॅबिट’सारखं वाटतं. (सिंक्लेअर लुइसची त्या नावाची कादंबरी १९२२मध्ये येऊन गाजली होती.) आणि ‘द ग्रेट गॅट्सबी’ दुबळं आहे, कारण त्याच्या थोरपणावर किंवा थोरपण नसण्यावर पुस्तकात उपरोधानंसुद्धा भर दिलेला नाही. असो, जाऊ दे.

ते ‘जाऊ दे’ गेलं नाही. ७ मार्च १९२५ला काप्रीहून पुन्हा तार: नाव ‘गोल्ड-हॅटेड गॅट्सबी’ किंवा ‘ट्रिमाल्किओ’ करता येईल का? नोव्हेंबरात जे हलकं वाटलं होतं तेच आता हवं होतं. पर्किन्सनं नको म्हटलं. आणि बारा दिवसांनी ती लाल-पांढऱ्या-निळ्या झेंड्याची तार.

पर्किन्सच्या उत्तरात दोन कारणं आहेत आणि लोक पहिलंच सांगतात. पहिलं व्यवहाराचं: याच नावानं १० एप्रिलची जाहिरात आणि विक्री झालीय, बदललं तर काही आठवडे उशीर आणि मोठं मानसिक नुकसान. दुसरं कारण वाङ्मयीन आहे. नाव जितकं कमी बोट धरून नेणारं, तितका उपरोध जास्त परिणामकारक होतो, असं पर्किन्सचं म्हणणं. तारेत शब्दाशब्दाला पैसे पडतात. तरीही त्यानं हे वाक्य घातलं.

नाव कुणाच्या तोंडचं?

मला जे म्हणायचंय ते इथे आहे. या सगळ्या नावांची यादी समोर ठेवून प्रत्येक नाव कोण बोलतंय ते पाहावं.

‘राखेचे ढीग आणि लक्षाधीश’ हे लेखक बोलतोय, बातमीदाराच्या सुरात. ‘ट्रिमाल्किओ’ही लेखकच बोलतोय, लॅटिन शिकलेल्या वर्गमित्राला डोळा मारून. ‘गोल्ड-हॅटेड’ आणि ‘हाय-बाउन्सिंग’ ही दोन्ही कादंबरीच्या आरंभीच्या चार ओळींच्या कवितेतून उचललेली. ती टॉमस पार्क डि’इनव्हिलिअर्सच्या नावावर छापलीय, पण तो फिट्झजेराल्डच्याच पहिल्या कादंबरीतलं एक पात्र. म्हणजे पुन्हा लेखकच, खोटी दाढी लावून. आणि ‘अंडर द रेड, व्हाइट अँड ब्लू’ तर सरळ न्यायाधीशाच्या खुर्चीतून: अमेरिकेच्या झेंड्याखाली काय चाललंय ते पाहा. त्या नावाखाली पुस्तक वाचायला घेतलं तर निकाल मुखपृष्ठावरच हातात पडतो.

आता ‘द ग्रेट गॅट्सबी’. हे कोण म्हणतंय?

माझ्या मते स्वतः गॅट्सबी. किंवा त्याच्यासारखा माणूस ज्या छापखान्यात जाहिरात टाकेल तो छापखाना. मराठी कानाला ‘ग्रेट’ हा शब्द आधी कुठून माहीत होतो? ग्रेट रॉयल सर्कस. ग्रेट बॉम्बे सर्कस. भिंतीवर चिकटवलेलं लाल-पिवळं पोस्टर, त्यावर वाघ, खाली ‘रोज तीन खेळ’. जादूगारांच्या नावामागेही तोच. इंग्रजीतही या शब्दाला तोच तंबूचा वास आहे. कादंबरीतला माणूस तर मुळात स्वतःचं नाव स्वतः ठेवणारा. नॉर्थ डकोटातल्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा, जेम्स गॅट्झ. सतराव्या वर्षी त्यानं सुपीरियर सरोवरात एका श्रीमंताची नौका नांगरलेली पाहिली, उसन्या होडीतून तिच्याकडे वल्हवत गेला, आणि त्या क्षणी तो जे गॅट्सबी झाला. नाव आधी ठरलं, माणूस मागून बनवला.

अशा माणसाच्या गोष्टीला ‘ग्रेट’ लावणं म्हणजे त्याच्याच तंबूवर त्याचीच पाटी लावणं. वाचक आत येतो, मागे उभी असलेली शिडी आणि दोऱ्या त्याला दिसतात, आणि बाहेर पडेपर्यंत तो ‘ग्रेट’ शब्द एकदा पोकळ होतो आणि एकदा भरतो. फिट्झजेराल्डची तक्रार होती की थोरपणावर पुस्तकात भर नाही. भर नाही हेच बरं. भर वाचकानं द्यायचा असतो.

हा फरक मराठीला नवा नाही. बाबा पदमनजींनी १८५७मध्ये नाव दिलं, ‘यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण’. त्या ‘अथवा’नंतर लेखक पुढे येऊन सांगतो की बाबांनो, विषय हा आहे. तेहतीस वर्षांनी, १८९०पासून, हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये बायकांच्या त्याच दुःखाची दुसरी गोष्ट येऊ लागली. तिचीही नायिका यमुनाच. नाव, ‘पण लक्षात कोण घेतो?’ हे लेखक बोलत नाही. सगळं सोसून झाल्यावर ती यमूच बोलते. त्या आजींना काउंटरवर अडखळत का होईना आठवलं ते हेच. ‘अथवा’वालं पुस्तक त्या दोन वर्षांत माझ्याकडे एकानंच मागितलं, आणि तो पीएच.डी. करत होता.

पण मग खपलं का?

नाही. आणि कीर्तनकार हे कडवं गाळतात.

पहिली छपाई २०,८७० प्रतींची. ऑगस्टमध्ये आणखी ३,००० छापल्या. पहिल्या दोन कादंबऱ्यांच्या मानानं हा खप बराच कमी. पुस्तक येऊन दहा दिवस झाले तेव्हाच पर्किन्सची तार आली होती: विक्रीची स्थिती साशंक, परीक्षणं उत्तम. (हे वाक्य कुठल्याही भाषेत वाचा, संपादकाचा घसा कोरडा पडलेला ऐकू येतो.) एप्रिल संपायच्या आत फिट्झजेराल्डनं अपयशाची दोन कारणं लिहून पाठवली. एक, नाव जेमतेम आहे, चांगल्यापेक्षा वाईटच. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, पुस्तकात मोठं स्त्रीपात्र नाही आणि सध्या कादंबऱ्यांचा बाजार बायकांच्या हातात आहे. नावाचा राग पहिल्या क्रमांकावर, पण तो स्वतःच दुसऱ्या कारणाला जास्त वजन देतो.

तो २१ डिसेंबर १९४० रोजी गेला, तेव्हा हे नाव काही कुणाच्या तोंडी नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना फुकट वाटायला खिशात मावतील अशी पुस्तकं छापली गेली. त्यात याच्या १,५५,००० प्रती गेल्या. त्या कुणी काउंटरवर मागितल्या नव्हत्या. बराकीत, जहाजावर, जे हाताला लागलं ते वाचलं गेलं. मग शाळा-कॉलेजांचे अभ्यासक्रम आले.

म्हणून ‘नाव बरोबर होतं, बघा किती खपलं’ हे गणित मला मान्य नाही. जे नाव १९२५मध्ये पडलं, तेच पुढे चाललं. मधल्या काळात नावात एका अक्षराचा फरक झाला नव्हता. सैनिकांच्या त्या आवृत्तीवर ‘ट्रिमाल्किओ’ छापलं असतं तरी त्यांनी पुस्तक वाचलंच असतं, आणि नंतर वर्षानुवर्षं प्राध्यापकांनी तो उच्चार शिकवला असता. नावाचं यश पुस्तकाच्या यशातून वेगळं काढता येत नाही. पर्किन्स बरोबर होता असं मी म्हणतो ते केवळ त्या एका ओळीसाठी, बोट धरून न नेणाऱ्या नावाच्या. ती ओळ पुस्तक पडलं त्या दिवशीही तितकीच खरी होती.

फिट्झजेराल्डच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मुखपृष्ठाचं चित्र त्यानं नावापेक्षा कितीतरी आधी आणि घट्ट धरून ठेवलं होतं. फ्रान्सिस कुगाटनं काढलेलं ते, निळ्या अंधारात तरंगणारे बाईचे डोळे आणि खाली जत्रेचे दिवे. कादंबरी पुरी व्हायच्या आधीच ते त्यानं पाहिलं होतं, आणि १९२४च्या उन्हाळ्यात त्यानं पर्किन्सला कळवळून लिहिलं की ते चित्र कृपा करून दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, मी ते पुस्तकात लिहून टाकलंय. चित्राबाबत इतका ठाम असणारा माणूस नावाबाबत वर्षभर भोवऱ्यासारखा फिरला. तेव्हा ‘निळ्या कव्हरचं’ म्हणून कुणी मागितलं असतं तर तो बहुधा खूश झाला असता.

‘ट्रिमाल्किओ’ शेवटी छापून आलं. २०००मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या प्रकाशनानं, फिट्झजेराल्डनं मुद्रितांवर बदल करण्याआधीचा मूळ मजकूर त्याच्या आवडत्या नावानं काढला. मुखपृष्ठावर ‘ट्रिमाल्किओ’, आणि त्याखाली, न सांगता भागलं नसतं म्हणून, ‘ॲन अर्ली व्हर्जन ऑफ द ग्रेट गॅट्सबी’.